फ्रँचाइजीची सोयरीक

भोरहून नसरापूरमार्गे वेल्ह्याला जाताना मी गाडीतल्या पाहुण्यांना माझं काम दाखवतो. "हे बघा, या वडाशेजारी बर्गरचं दुकान नाही. पुढच्या वळणावर लहान मुलांचा इंग्रजीचा क्लास नाही. आणि ते पत्र्याचं शेड दिसतंय ना, त्यात जिम नाही." पाहुणे आधी काचेतून बाहेर बघतात, मग माझ्याकडे बघतात. मी नम्रपणे मान लववतो. "सगळं आपल्याच हातचं."

गवंड्याची भिंत उभी राहते, डॉक्टरचा पेशंट रस्त्यानं हिंडताना दिसतो. माझ्या यशाला मात्र दिसण्याची सोय नाही. मी फ्रँचाइजी सल्लागार आहे. भोरच्या एसटी स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एक माळा आहे, त्यात माझं टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा. पंखा फिरतो, पण वारा शेजारच्या घरात जातो. त्याआधी बरीच वर्षं मी टाय बांधून पुण्याच्या कंपन्यांच्या फ्रँचाइजी विकत होतो. मग बाजू बदलली. आता लोकांनी कुठली घ्यावी आणि मुख्यतः कुठली घेऊ नये, हे सांगतो. आमच्या सौभाग्यवतींनी या स्थित्यंतराचं वर्णन एका वाक्यात केलं आहे. "आधी हे लोकांना विहिरीत ढकलायचे, आता काठावर उभं राहून 'जपून हं' म्हणतात. पगार मात्र ढकलण्यालाच बरा होता."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रँचाइजी म्हणजे नाव त्यांचं, पाटी त्यांची, भिंतीचा रंग त्यांचा, चमचा कसला वापरायचा हेही तेच ठरवणार. जागा तुमची, भांडवल तुमचं, विजेचं बिल तुमचं आणि दुकान बुडालं तर ते मात्र संपूर्ण तुमचं. सुरुवातीला नाव वापरायची एकरकमी फी. नंतर माल त्यांच्याकडूनच घ्यायचा, ते म्हणतील त्या भावानं. वर दर महिन्याला रॉयल्टी, म्हणजे ठरलेला वाटा. नवखा माणूस हमखास घसरतो तो इथं. त्याला वाटतं वाटा नफ्यातला. वाटा असतो विक्रीतला. नफा होवो न होवो, गल्ल्यात पडलेल्या प्रत्येक नोटेचा एक कोपरा कंपनीचा.

चांगल्या फ्रँचाइजी नसतात असं नाही. वेल्ह्याच्या बाजारात एक पशुखाद्याचं दुकान मीच लावून दिलं आहे, ते झकास चाललंय. पण झकास चाललेल्या दुकानाबद्दल दिवाळी अंकात काय लिहिणार? पोती येतात, पोती जातात.

आमच्या भागात धंद्याचा क्रमच उलटा आहे. इतर ठिकाणी माणसाला आधी धंदा सुचतो, मग तो पैशामागं धावतो. आमच्याकडं पैसा आधी येतो. पुण्याचा कुणीतरी डोंगर बघतो, धरणाचं पाणी बघतो, त्याला एकदम निसर्गाचा उमाळा येतो आणि तो रस्त्याकडेची जमीन बंगल्यासाठी घेऊन टाकतो. विकणाऱ्याच्या खात्यात अचानक मोठी रक्कम. आठ दिवस घरात कुणाला झोप नाही. मग घरातला मोबाईलवाला मुलगा म्हणतो, "फ्रँचाइजी घेऊ." आणि मंडळी माझा जिना चढतात.

प्रश्नही एकेक ऐकण्यासारखे असतात. एका निवृत्त गुरुजींना अशी फ्रँचाइजी हवी होती, ज्यात स्वतः काही करावं लागत नाही. मी म्हटलं, "गुरुजी, तशी एक आहे, तिला बँकेतली मुदत ठेव म्हणतात." ते रागावून गेले आणि जाताना खुर्चीही रागानं सरकवून गेले. दुसऱ्या एका सद्गृहस्थांचा एकच सवाल होता, "कुठल्या धंद्यात कंपनी एसी लावायला सांगती?" त्यांना उन्हाळ्यात बसायला थंड जागा हवी होती. हा मात्र मला स्वच्छ विचारांचा माणूस वाटला. मी त्यांना आइस्क्रीमची फ्रँचाइजी घेऊ दिली नाही, घरी एसी बसवून घ्यायला लावला. अजून दुवा देतात.

पण मला सांगायचं आहे ते पालीच्या मारुतीआण्णांबद्दल. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव.

एका सकाळी जिन्यावर इतके पाय वाजले की खालचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन वर बघायला लागला. चौघं वर आली. पुढं मारुतीआण्णा, सत्तरीचे, पांढरी टोपी, ताठ कणा. मागं त्यांची थोरली बहीण गोदाआत्या, जिच्या वयाचा अंदाज करण्याचं धाडस मी केलं नाही. मग मुलगा संतोष, गॉगल कपाळावर. शेवटी सून वैशाली. ती आत आलीच नाही, दारात उभी राहिली.

आण्णा आणि आत्या दोन खुर्च्यांवर बसले. आण्णांनी टोपी सारखी केली.

"रामराम. सोयरीक जमलीया. तेवढा म्हूर्त बघून द्या."

"आण्णा, ज्योतिषी पुढच्या गल्लीत बसतात."

"त्ये ठावं हाय. तुमी फ्रँचाइजीवालं न्हवं? आमी कंपनीशी सोयरीक केलीया."

हळूहळू उलगडा झाला. आण्णांनी रस्त्याकडेचं शेत विकलं होतं. रस्त्याला लागून एक पट्टी तेवढी शिल्लक होती, त्यावर दुकान काढायचं आणि आलेले सगळे पैसे त्यात घालायचे. आयुष्यात एवढा मोठा व्यवहार आण्णांनी लेकीच्या लग्नाखेरीज केला नव्हता. म्हणून ते या व्यवहाराकडंही त्याच रीतीनं गेले. जीप करून घरची मंडळी पुण्याला "घर बघाया" गेली, म्हणजे कंपनीच्या ऑफिसात.

"काय घर हाय म्हनून सांगू!" गोदाआत्या म्हणाल्या. "फरशी आशी, की म्या चपला भाईरच काढल्या. दारात पान्याचं कारंजं. पोरी येत्यात, कापी देत्यात. मानपान म्हनाल तर आण्णाला शाल, मला चोळीचा खण, समद्यांना नारळ."

"आणि आधी ज्यांनी यांची दुकानं घेतलीत, त्यांच्यापैकी कुणाला भेटलात?"

"त्यांना कशापायी?"

"सुना कशा नांदतायत ते कळतं."

आण्णांना हसू आलं. "पोराच्या घरी जाऊन कुनी इचारतं व्हय, तुमच्या थोरल्या सुनंचं बरं चाललंय का म्हनून?"

"इचाराया पायजे खरं तर," आत्या म्हणाल्या. "पन थोरली खरं कुठं बोलती? तिला धाकटी हवीच आसती, काम वाटून घ्यायला."

मी आत्यांना मनातल्या मनात दंडवत घातला. चालू दुकानवाला नवख्याला खरं सांगत नाही, हे कळायला मला टाय सोडावा लागला होता. म्हणून माझा नियम आहे: कंपनीच्या ऑफिसात जाऊ नका, बंद पडलेल्या दुकानवाल्याकडं जा. त्याला आता कुणाची भीती नसते आणि बोलायला वेळही भरपूर असतो.

संतोषनं टेबलावर एक चकचकीत कागदी पिशवी ठेवली. पिशवीवर मोठं मोराचं पीस छापलेलं होतं. तेच त्या कंपनीचं चिन्ह. कंपनीचं नाव मी सांगत नाही, पीस पुरे. आतून माहितीपत्रकं निघाली. मसाला दूध, लस्सी, कुल्फी.

"दूध कुठलं?" मी विचारलं.

"कंपनीचं, काका. पावडर येती पुन्यासनं," संतोष म्हणाला.

"घरी म्हशी किती?"

"चार हायत," आण्णा म्हणाले. "आन् दोन गाभन."

"मग त्यांचं दूध?"

"चालत न्हाई," संतोष घाईघाईनं म्हणाला. "चव समदीकडं एकसारकी लागती. भाईरचं दूध आत आनलं तर दंड हाय."

मी पेन खाली ठेवलं. काही क्षण शांततेत घालवले. रंगभूमीवर याला पॉज घेणं म्हणतात. गावच्या जत्रेतल्या नाटकात मी तो नेहमी जास्त घ्यायचो. "म्हणजे पुण्याचा माणूस पुण्याला कंटाळून राजगड बघायला पालीत येणार. आणि तुम्ही चार म्हशी गोठ्यात बांधून त्याला पुण्याची पावडर पाण्यात कालवून देणार."

आण्णा विचारात पडले. मी गाडी पुढं दामटली. गडावर गर्दी शनिवार-रविवारची. कंपनीचा नियम, दुकान सातही दिवस उघडं हवं. "सोमवारी पालीत कोण असतं?"

"आमी आसतो की," आण्णा म्हणाले.

"तुम्ही विकत लस्सी पिणार?"

"म्या कशाला पिऊ? घरी ताक हाय."

मग रॉयल्टी समजावली. विक्रीतला वाटा, नफा होवो न होवो. आण्णा शेतकरी माणूस, गणित त्यांना माझ्याआधी कळलं. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला.

"पटतंय का, आण्णा?"

"पटतंय. समदं पटतंय. पन आता काय उपेग? सुपारी फुटली."

कंपनीच्या ऑफिसात, त्या कारंज्याच्या दारात, आण्णांनी खिशातून सुपारी काढून सगळ्यांसमक्ष फोडली होती. कंपनीच्या विक्रीवाल्या मुलानं तिचा तुकडा हसत हसत तोंडात टाकला होता. त्याला वाटलं असेल मुखवास. आण्णांच्या लेखी मात्र सोयरीक ठरली. सही व्हायची होती, चेक द्यायचा होता, पण ते लग्नातल्या अक्षतांसारखं, लोकांना दाखवायला.

"आण्णा, सहीच्या आधी कायद्यानं तुम्ही मोकळे आहात."

"कायद्यानं आसंन. म्या आजवर फुटलेली सुपारी मोडली न्हाई. उद्या लोक म्हनतील, मारुतीनं ठरल्या सोयरिकीत पाय मागं घेतला. नातीचं लगीन व्हायचंय माज्या."

हे म्हातारं अडाणी नव्हतं. त्याला नुकसान दिसत होतं. आणि ते डोळे उघडे ठेवून त्या नुकसानीत चाललं होतं, कारण शब्द दिला होता. येत्या शुक्रवारी कंपनीचा माणूस पालीला जेवायला येणार होता, सही आणि चेकही तेव्हाच. मुहूर्त हवा होता तो दुकान उघडायचा.

मंडळी उतरली. वैशाली मागं राहिली. आत्यांची काठी दारात विसरली होती, ती घ्यायला. काठी तिनंच विसरायला लावली असावी, असा मला दाट संशय आहे.

"काका," ती हळूच म्हणाली, "माजं माह्यार सारोळ्याचं. पुलाजवळ. आमच्या शेजारच्यानं हीच घेतली हुती. हीच, पिसाची. बंद पडली. आता त्यात कांदं ठिवत्यात."

"घरात सांगितलंस?"

"सांगितलं की. ह्ये म्हनले, त्या मानसाचा पायगुन वाईट. आत्या म्हनल्या, सोयरिकीत सुनंनं बोलू न्हाई." तिनं काठी उचलली. "दुकानात उभं मलाच ऱ्हायाचंय, काका. ह्ये टोपी घालून फोटो काढतील. सकाळची धार, सैपाक, मग दिवसभर त्यो काउंटर. त्याचंबी काय न्हाई. पन जिमीन गेली, आता पैसंबी गेल्यावर माज्या लेकीला काय?"

ती उतरून गेली. मी त्याच दिवशी सारोळ्याला गेलो. हायवेवर पुलाच्या अलीकडं ते दुकान होतं. पाटीवरचं मोरपीस उन्हानं इतकं उतरलं होतं की कोंबडीचं वाटावं. शटर अर्धं वर आणि आत खरंच कांदे. मालक बोलायला उत्सुक होता. पावडरीचा भाव कंपनीनं कसा चढवत नेला, पुढच्याच फाट्यावर दुसऱ्याला तेच दुकान कसं दिलं, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मला पिशवीभर कांदे दिले. त्याच्या सगळ्या धंद्यात त्यानं मनापासून दिलेली तीच एक वस्तू असावी.

मी आण्णांना फोन केला. म्हटलं, उद्या गाडी घेऊन येतो, सारोळ्याला चला, डोळ्यांनी बघा.

"न्हाई हो. सुपारी फुटल्यावर चौकशा करू न्हाईत. त्यांच्या कानावर गेलं तर काय वाटंल?" मग थोडं थांबून म्हणाले, "आन् एक पोरगी माघारी आली म्हनून घर वाईट ठरतं व्हय? तुमी शुक्रवारी जेवायला या मात्र."

शुक्रवारी मी गेलो. सल्लागार म्हणून माझं तोंड संपलं होतं, जेवणापुरतं तेवढं उरलं होतं. ओसरीवर सतरंज्या टाकलेल्या. संतोष कंपनीची टोपी घालून फिरत होता. मागं चुलीवर मटण शिजत होतं आणि वैशाली भाकऱ्या थापत होती. त्या थापण्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. एवढ्या जोरानं भाकरी थापायची खरं तर गरज नसते.

कंपनीचा माणूस अजून यायचा होता. रिवाजाप्रमाणं मी आधी देव्हाऱ्यापुढं नमस्काराला गेलो. टाक, घंटा, भंडारा, आणि एका कडेला हळदीनं पिवळं झालेलं मोराचं पीस, दोऱ्यानं बांधलेलं.

"आत्या, हे पीस कसलं?"

"संतोषच्या लग्नातलं. आमचं देवक न्हवं का त्ये! मोराचं पीस."

मंडळी, माझ्या काळजात त्या क्षणी तुतारी वाजली.

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना सांगतो. देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचा कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं आणखी काही. लग्नात आधी ते पुजायचं. आणि दोन घरांचं देवक एक निघालं तर ती दोन्ही घरं एका रक्ताची मानायची. मग त्यांच्यात सोयरीक होत नाही. अगदी ठरलेली, सुपारी फुटलेली असली तरी नाही. आणि यातली खरी गंमत अशी, की त्यात कुणाचाच दोष नसतो. पाय मागं घेतला असं कुणी म्हणत नाही. दोन्ही बाजू हळहळतात, एकमेकांना नारळ देतात आणि उठतात. सोयरीक मोडायचा एवढा अब्रूदार दरवाजा दुसरा नाही.

मी फक्त ओसरीवर आलो, भिंतीकडं तोंड करून ठेवलेली कंपनीची पिशवी उचलली आणि आत्यांच्या नेहमीच्या जागेसमोर, पीस दिसेल अशी ठेवली. मग खांबाला टेकून बसलो आणि चेहरा रिकामा केला. हे मला चांगलं जमतं.

कंपनीचा मुलगा आला, सुपारी चघळणारा तोच. निनाद त्याचं नाव. पुण्याचा, गोड बोलणारा, छातीवर शर्टाला भरतकाम केलेलं मोरपीस. सगळ्यांच्या पाया पडला. लॅपटॉप उघडला, त्याच्या पाठीवरही पीस. आत्या समोर येऊन बसल्या. पिशवीकडं पाहिलं. छातीकडं पाहिलं. लॅपटॉपकडं पाहिलं. इतके दिवस ते पीस त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण देव्हाऱ्यातल्या पिसाची आठवण त्याआधी त्यांना कुणी करून दिली नव्हती.

"मारुत्या!" आत्या किंचाळल्या. "आरं थांब! ह्येंचं देवक काय?"

निनाद गोंधळला. "माझं काय?"

"तुज्या कंपनीचं रं! ह्ये पीस कशाचं?"

"मोराचं, आजी. आमची ओळख आहे ती. जिथं जाऊ तिथं हीच खूण."

"बघा! कुळाची खूण म्हनतोय!" आत्यांनी आण्णांच्या दंडाला धरलं. "आपलंच देवक, मारुत्या! सोयरीक हुईल कशी?"

आण्णांच्या तोंडावरून एकेक गोष्ट सरकताना मला दिसली. आधी धक्का. मग काळजी. आणि मग, हळूच, कुणाला कळू नये अशी सुटका. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गंभीरपणे मान हलवली. "देवक एक असेल तर अवघड आहे, आण्णा. तिथं कुणाचंच काही चालत नाही."

आतला भाकऱ्यांचा आवाज थांबला. वैशाली दाराआड येऊन उभी राहिली.

इथं पडदा पडायला हवा होता. पण निनाद हा विक्रीकलेचं शिक्षण घेतलेला मुलगा होता. गिऱ्हाईक अडलं की त्याच्याच शब्दात त्याला सोडवायचं, हे त्याला शिकवलेलं. मीच कधीकाळी अशा पोरांना शिकवत असे. त्यानं मला बाजूला घेऊन दोन मिनिटांत सगळं समजून घेतलं आणि परत येऊन आण्णांचे दोन्ही हात धरले.

"काका! म्हणजे आपण परके नाहीच! आपलं देवक एक, आपलं रक्त एक. सोयरीक कशाला हवी? आपण तर भाऊभाऊ!"

ओसरीवर खळबळ उडाली. संतोष उडी मारून उठला. "व्हय की आण्णा! ही तर घरातलीच कंपनी निघाली!" आत्या बोट हनुवटीला लावून बसल्या. "खरं हाय. भाऊ म्हनल्यावर सुपारी काय आन् म्हूर्त काय. घरचंच मानूस."

माझा चेहरा पहिल्यांदा आपोआप रिकामा झाला. मी मोठ्या डौलानं उघडलेल्या दरवाजातून हा पोरगा थेट माजघरात आला होता. आता चेक विनाअट जाणार. दाराआडून वैशाली माझ्याकडं बघत होती. मी छताचे वासे बघायला लागलो.

आण्णांनी मात्र टोपी सारखी केली.

"भाऊ म्हनालास?" त्यांनी विचारलं.

"हो काका!"

"भावकीतला?"

"अगदी! सख्ख्यासारखा समजा."

आण्णांनी आपले हात सावकाश सोडवून घेतले. "संतोष, त्यो चेक आत कपाटात ठिव."

"आण्णा?"

"ठिव म्हनलं न्हवं?" मग ते निनादकडं वळले. आवाज शांत, जवळजवळ मायेचा. "पोरा, सोयरा आसतास तर म्या सोसलं आसतं. सोयऱ्याचं सोसावं लागतं. भावकीचं न्हाई. माज्या आज्यानं आन् त्येच्या भावानं एका बांधावरनं कज्जा लावला. आजा गेला, त्येचा भाऊ गेला, पावसात बांध वाहून गेला. कज्जा चालूच हाय. पुढली तारीख आली की म्या जातोय भोरला."

"पण काका, आमचं तसं काही..."

"तू तर आल्या आल्या वाटा मागतोयास. दर म्हैन्याला, गल्ल्यातला. नफा झाला काय, न्हाई काय. सोयरा वाटा मागतो व्हय कधी? वाटा मागतो त्यो भाऊबंद. म्या तवाच वळखाया पायजे हुतं."

"काका, ती रॉयल्टी आहे," निनाद केविलवाणा म्हणाला.

"माजा चुलतभाऊबी त्याला येगळंच नाव देतो."

निनादनं लॅपटॉप मिटला. तो उठायला लागला तर आत्यांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "भाऊबंद आसलास म्हनून काय झालं? जेवल्याबिगर जायाचं न्हाई." पोरगं मुकाट्यानं तीन भाकऱ्या जेवलं, रस्सा मागून घेतला आणि घाम पुसत म्हणालं, "वहिनी, फार छान झालंय." निघताना त्याला नारळ दिला. शाल परत द्यायची का, असं आण्णांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ऊब चांगली हाय तिला."

निनादची गाडी वळणाआड गेली. संतोषनं टोपी काढून खुंटीला अडकवली आणि कोपऱ्यात तोंड फुगवून बसला. मी विडा लावत होतो. मनातून खूश होतो, आणि थोडा खट्टूही. माझं पावडरीचं गणित, सोमवारचं गणित, सारोळ्याचे कांदे, इतक्या वर्षांचं सगळं शहाणपण मी त्या घरापुढं मांडलं होतं. ते सगळ्यांना पटलं होतं आणि त्यानं काडीही हलली नव्हती. आता कुणी विचारलं की फ्रँचाइजी निवडताना काय बघावं, तर मी काय सांगू? करार वाचा, की भावकीशी कसं चाललंय ते आठवा?

आण्णा ओसरीच्या कडेला बसले होते. त्यांनी आत हाक मारली.

"वैशाली!"

ती पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यात थांबली.

"त्या दिशी सारोळ्याचं काय म्हनत हुतीस तू?"

"काय न्हाई, मामंजी."

"तवा सोयरीक हुती, तवा सुनंनं बोलायचं नव्हतं. आता कंपनी भावकीत गेली. भावकीचं कुनीबी बोलावं." त्यांनी समोरच्या सतरंजीवर हात आपटला. "बस हितं. समदं सांग."

वैशाली बसली. सासऱ्यासमोर ती बसलेली मी तेव्हाच पाहिली. आधी चाचरत, मग सरळ बोलत गेली. पावडरीचा भाव, फाट्यावरचं दुसरं दुकान, शेजाऱ्याच्या बायकोनं गहाण ठेवलेलं डोरलं. मला सारोळ्यात जे कळलं त्याच्या दुप्पट तिला ठाऊक होतं. मी विडा तोंडात धरून नुसता ऐकत होतो, आणि माझ्या ओळखीच्या लोकांना हे सांगितलं तर ते विश्वास ठेवणार नाहीत. आत्या मधूनमधून "आगं बाई" म्हणत होत्या. तिचं सांगून झालं तसं आण्णांनी नुसतं विचारलं, "मग पैशाचं काय करावं म्हनतीस?"

"आधी काय करायचं न्हाई ते तर ठरू द्या," ती म्हणाली. "बाकीचं बसून ठरवू. घाई कुनाला हाय?"

कोपऱ्यातून संतोष एकदम उसळला. "एवढं समदं ठावं हुतं तर आदी का न्हाई बोललीस?"

वैशालीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

आत्यांनी लगबगीनं काठी शोधली. आण्णांना एकाएकी गाभण म्हशीची आठवण झाली.

मी चपला घातल्या.